बीजगणिताआधीचे गणित : पाचवी ते आठवीच्या मुलांची तयारी घरी कशी करून घ्यावी

ठाण्यात नौपाड्यातील माझ्या शिकवणीला दरवर्षी जूनमध्ये नववीतील काही मुले नव्याने येतात आणि त्यांच्या पालकांचे गाऱ्हाणे बहुधा एकाच वाक्यात मावते : आठवीपर्यंत गणित बरे होते, बीजगणित आले आणि गाडी अडली. अशा मुलाची आठवीची वही मी आधी मागवून घेते. अक्षरांमुळे झालेल्या चुका त्या वहीत फार थोड्या सापडतात. कुठे ऋण चिन्ह गळालेले असते, कुठे कंसातील पहिल्याच पदाला गुणून दुसरे तसेच सोडलेले असते, कुठे अपूर्णांकांच्या छेदांचीच बेरीज केलेली असते, आणि बरोबरचे चिन्ह तर 'आता पुढे' या अर्थाने ओळीत वाटेल तिथे ठोकून दिलेले असते. हे सगळे पाचवी ते सातवीत शिकवून झालेले असते. त्यामुळे बीजगणिताची तयारी करून घ्यायची तर क्ष आणि य यांची घाई करू नये. मुलाला येत असलेले अंकगणितच त्याच्याकडून पुन्हा एकदा, उत्तरापेक्षा रचनेकडे लक्ष देऊन, वाचून घ्यावे.

अमेरिकेतील शाळांत या टप्प्याला 'प्री-अल्जेब्रा' असे नाव आहे. साधारण सातवी किंवा आठवीत वर्षभर हा विषय शिकवतात आणि त्यानंतर बीजगणिताचा पहिला स्वतंत्र अभ्यासक्रम येतो. घोडबंदर रस्त्यावरील किंवा नवी मुंबईतील आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळांमुळे आणि ऑनलाइन वर्गांमुळे हा शब्द आता आपल्याकडील पालकांच्याही कानांवर पडू लागला आहे. आपल्या राज्य मंडळात असा वेगळा विषय नाही. पूर्णांक संख्या, अपूर्णांक, गुणोत्तर, सोपी समीकरणे, बैजिक राशी, विस्तार सूत्रे आणि अवयव ही सामग्री सहावी ते आठवीच्या पुस्तकांत भूमिती, सांख्यिकी आणि व्याजाच्या प्रकरणांमध्ये विखुरलेली असते, आणि नववीत गणिताचे पुस्तक भाग एक व भाग दोन असे दुभंगले की तिची एकदम गरज पडते. विखुरलेली असल्यामुळेच तिच्यातील कोणता दुवा निसटला आहे हे गुणपत्रिकेवरून कळत नाही. ते घरीच पाहावे लागते.

पाच उदाहरणांची चाचणी

एका कागदावर पुढील पाच उदाहरणे लिहून द्यावीत, घड्याळ लावू नये आणि मूल सोडवत असताना मध्ये बोलू नये.

८ + ४ = □ + ५
१० − ४ + ३
−७ − (−३)
१/२ + १/३
७ × ९८, उभा गुणाकार न मांडता

बरोबर उत्तरे अनुक्रमे ७, ९, −४, ५/६ आणि ६८६ अशी आहेत. पण पालकांनी वाचायची ती चुकीची उत्तरे. पहिल्या चौकटीत १२ लिहिणारे मूल बरोबरच्या चिन्हाचा अर्थ 'उत्तर लिहा' असा घेते. दुसऱ्या उदाहरणाचे उत्तर ३ आले असेल तर त्याने 'कंचेभागुबेव' (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) पाठ केले आहे, पण त्यात 'बे' आधी आणि 'व' नंतर असल्यामुळे बेरीज आधी उरकली आहे. बेरीज आणि वजाबाकी या एकाच पायरीवरच्या क्रिया आहेत आणि त्या डावीकडून उजवीकडे करायच्या असतात, तसेच भागाकार व गुणाकाराचेही. हे त्या सूत्राक्षरांत कुठेच दिसत नाही. चौथ्याचे उत्तर २/५ आले असेल तर त्याला एवढेच विचारावे की अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर अर्ध्यापेक्षा कमी कसे उरले. एखादे मूल स्वतःच चपापते आणि समच्छेद करू लागते. चपापत नसेल तर अपूर्णांक त्याच्या लेखी अजून संख्या झालेली नाही, ती एकावर एक ठेवलेल्या दोन संख्यांची जोडी आहे. अशा मुलाला पुढे क्ष/२ + क्ष/३ = ५ दिले की ते अडते, आणि दोष मात्र क्षचा धरला जातो.

बरोबरचे चिन्ह

या चिन्हावर मी सहावी-सातवीच्या मुलांचे दोन आठवडे खर्च करते आणि ते जास्त वाटत नाहीत. दुकानातील हिशेबाचे एक साधे उदाहरण घ्यावे : २४ रुपयांच्या दोन वह्या आणि १५ रुपयांचे पेन घेऊन १०० रुपयांची नोट दिली, तर परत किती मिळतील? वहीत हमखास अशी ओळ सापडते :

२४ × २ = ४८ + १५ = ६३ = १०० − ६३ = ३७

उत्तर बरोबर आहे, म्हणून तपासणारा बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो. पण ओळ जशी लिहिली आहे तशी वाचली तर ४८ आणि ३७ या संख्या सारख्या ठरतात. अंकगणितात हे खपून जाते, कारण तिथे शेवटच्या आकड्याखेरीज कोणी काही पाहत नाही. समीकरणात मात्र प्रत्येक ओळ हे एक विधान असते आणि चिन्हाच्या दोन्ही अंगांना तीच किंमत असावी लागते. हे चिन्ह प्रथम छापले ते रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये, आणि दोन समांतर रेषांपेक्षा अधिक सारख्या दोन गोष्टी असू शकत नाहीत असे त्याचे कारणही दिले. मुलाला ही हकिकत सांगितली की चिन्हाचा आकार लक्षात राहतो आणि अर्थही. वरचा हिशेब १०० − (२४ × २ + १५) = ३७ असा एका ओळीत लिहायला लावावा; कंस कशासाठी असतो हेही त्याच ओळीत समजते.

घरी करण्याजोगा सराव म्हणजे खरे-खोटे ओळखणे, तेही बेरीज-वजाबाकी प्रत्यक्ष न करता. ३७ + ४८ = ३८ + ४७ हे खरे की खोटे? एका संख्येत एक वाढला, दुसरीतून एक गेला, म्हणून खरे. मग ५२ − १९ = ५३ − १८ असे विचारावे. आधीच्या यशामुळे मूल लगेच 'खरे' म्हणते, आणि इथेच थांबून बोलावे : वजाबाकीत फरक तोच राहण्यासाठी दोन्ही संख्या एकाच दिशेने सरकाव्या लागतात, म्हणून ५३ − २० खरे आणि ५३ − १८ खोटे. असा विचार करणारे मूल अक्षर न वापरताही बीजगणितच करत असते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत झटपट युक्त्यांवर जो भर दिला जातो, तो याच्या आड येतो असे माझे मत आहे, कारण युक्ती उत्तर देते आणि ती का चालली हे विचारायला वेळ ठेवत नाही.

ऋण संख्या

ऋण संख्यांची ओळख आपल्या भागातील मुलांना पुस्तकाआधी लिफ्टमध्ये होते. तळघरात वाहने ठेवण्याचे दोन मजले असलेल्या इमारतीत उणे दोनवरून पाचव्या मजल्यावर जायला सात मजले चढावे लागतात, हे चौथीतील मूलही सांगते. नवी मुंबईत आणखी चांगला दाखला आहे. भराव घालून उभ्या केलेल्या या शहराचा काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहे, आणि म्हणूनच पावसाचे पाणी भरतीच्या वेळी साठवून ओहोटीला खाडीत सोडण्यासाठी सिडकोने ठिकठिकाणी धारण तलाव बांधले. भरतीच्या रेषेला शून्य मानले तर तिथल्या रस्त्यांची उंची ऋण संख्येत येते, आणि शून्य म्हणजे 'काहीच नाही' असे न राहता मोजणीची खूण होते. संख्यारेषा शिकवताना हाच मुद्दा ठसवायचा असतो.

ऋण संख्या वजा करण्यासाठी मात्र मजले अपुरे पडतात. तिथे उधारी उपयोगी पडते. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ऋण संख्यांचे नियम मांडले तेव्हा शब्द वापरले ते धन आणि ऋण, म्हणजे संपत्ती आणि कर्ज. आपल्या पुस्तकांत तेच शब्द आजही आहेत आणि तरी आपण ते कर्जाच्या अर्थाने वाचत नाही. वाण्याच्या वहीत सात रुपये उधारी आहे, म्हणजे −७. वाण्याने तीन रुपयांची उधारी खोडली, म्हणजे − (−३). उरली चार रुपयांची उधारी, −४. हे चारपाच वेळा शब्दांत सांगून घेतल्यावरच चिन्हांत लिहू द्यावे.

'उणे उणे अधिक' हे घोषवाक्य मात्र घरात शक्यतो उच्चारू नये. ते पाठ केलेली मुले −७ − ३ चे उत्तर +१० लिहितात, कारण त्यांना दोन उणे दिसतात आणि दोन उणे मिळून अधिक होते असे त्यांना सांगितलेले असते. नियम गुणाकाराचा आहे, आणि तो मुलाला स्वतःला शोधता येतो : ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. उत्तर दर पायरीला दोनाने वाढत आले आहे, मग पुढची पायरी (−१) × (−२) किती असायला हवी?

गुणोत्तर, शेकडेवारी आणि घातांक यांच्यावर इथे फार लिहीत नाही, कारण शाळेत त्यांचा सराव पुरेसा होतो. एकच प्रश्न विचारून पाहावा : एखाद्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढवली आणि मग २० टक्क्यांनी उतरवली, तर ती मूळ किमतीवर येते का? १०० वरून १२०, आणि १२० चे २० टक्के २४, म्हणून ९६. घातांकात २ चा घन ६ लिहिण्याची चूक आणि −३ चा वर्ग कंसासह व कंसाविना यांतील फरक, एवढे पाहिले की पुरे.

रिक्षाचे भाडे आणि पहिले अक्षर

अक्षर आणायचे ते गरज निर्माण करून आणावे. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई-ठाणे परिसरात रिक्षाचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे असे ठरले. मुलाला आधी साडेचार किलोमीटरचे भाडे काढायला सांगावे : दीड वजा करून तीन किलोमीटर, त्याचे ५१.४२, अधिक २६, म्हणजे ७७.४२. मग साडेसहाचे, मग दहाचे. तिसऱ्या खेपेला मूल कंटाळते, आणि तोच क्षण योग्य असतो. दर वेळी काय बदलले आणि काय तेच राहिले, असे विचारावे. बदलले फक्त अंतर. त्या अंतराला क्ष म्हणू :

भाडे = २६ + १७.१४ × (क्ष − १.५)

पुस्तकात इंग्रजी अक्षरे असतात. मी इथे जुन्या मराठी पद्धतीने क्ष लिहिते. क्ष-किरणांतला क्ष तोच, अज्ञात. अक्षरांचे वावडे असलेल्या मुलांना मी भास्कराचार्यांची गोष्ट सांगते. इसवी सन १११४ मध्ये जन्मलेल्या आणि चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद आहे, त्या भास्कराचार्यांच्या ग्रंथात पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे आहेत. काळा, निळा, पिवळा. क्ष त्यामानाने सोपाच आहे.

आता कंस सोडवायला सांगावे. १७.१४ ने कंसातील दोन्ही पदांना गुणायचे, म्हणजे १७.१४ क्ष वजा २५.७१, आणि त्यात २६ मिळवायचे :

भाडे = १७.१४ क्ष + ०.२९

या ओळीपाशी थांबावे. दीड किलोमीटर आणि किमान भाडे यांचा सगळा पसारा नाहीसा होऊन राहिले ते एवढेच की दीड किलोमीटरच्या पुढे गेल्यावर आपण सुरुवातीपासूनच दर किलोमीटरला १७.१४ देत असतो आणि वर २९ पैसे. २६ रुपये हा वेगळा आकार नव्हताच. दीड किलोमीटरचे त्याच दराने २५ रुपये ७१ पैसे होतात, ते पूर्ण रुपयात नेलेले आहेत. कंस सोडवण्याआधी हे दिसत नव्हते. कंसाबाहेरच्या संख्येने आतील प्रत्येक पदाला गुणण्याचा हा वितरणाचा गुणधर्म परीक्षेत विचारतात म्हणून शिकलेल्या मुलाला तो काहीतरी दाखवतोही, हे इथे पहिल्यांदा जाणवते. चाचणीतील ७ × ९८ हे उदाहरण त्याच गुणधर्माचे होते : ७ × (१०० − २) म्हणजे ७०० − १४.

उलट प्रश्नही विचारावा : भाडे १११ रुपये ७० पैसे झाले तर अंतर किती? मीटर पूर्ण रुपयांतच आकडा दाखवतो, ते इथे बाजूला ठेवू. २६ वजा केले, ८५.७० उरले, १७.१४ ने भागले, ५ आले, दीड मिळवले, साडेसहा. मुलाने समीकरण सोडवले, आणि ते समीकरण होते हे त्याला नंतर सांगितले तरी चालते.

अक्षर म्हणजे वस्तू नव्हे

'अ म्हणजे आंबा, क म्हणजे केळे' अशी सुरुवात पुष्कळ ठिकाणी केली जाते. तीन आंबे आणि दोन केळी एकत्र होत नाहीत, म्हणून ३अ + २क तसेच राहते, हे स्पष्टीकरण सोपे वाटते; पण त्यातून अक्षर हे वस्तूचे लघुरूप आहे असा समज बसतो आणि तो पुढे महागात पडतो. एक प्रश्न देऊन पाहावा : 'आमच्या सोसायटीत दर सहा दुचाकींमागे एक चारचाकी आहे. दुचाकींची संख्या द आणि चारचाकींची संख्या च, तर समीकरण लिहा.' चांगली चांगली मुले ६द = च लिहितात, कारण ती वाक्य शब्दाशब्दाने उतरवतात आणि ६द म्हणजे सहा दुचाकी असे वाचतात. दहा चारचाकी असतील तर दुचाकी साठ; ६ × ६० = १० होत नाही. द ही दुचाकी नाही, ती दुचाकींची संख्या आहे, आणि म्हणून द = ६च.

२क्ष + ३ = ५क्ष ही चूकही अशीच, किंमत घालून उघडी करावी. क्ष = ४ घेतल्यास डावीकडे ११ आणि उजवीकडे २०. फक्त एक सावधगिरी बाळगावी : पडताळ्यासाठी ० आणि १ घेऊ नयेत. इथे क्ष = १ घेतला तर दोन्हीकडे ५ येतात आणि चूक खरी ठरते.

खरा उंबरठा कुठे आहे

५क्ष − ४ = ३१ हे समीकरण सुटले म्हणजे बीजगणित आले, असे मानू नये. ते उलट्या क्रमाने, रिक्षाच्या भाड्यासारखे, नुसत्या अंकगणिताने सुटते. अक्षर दोन्ही बाजूंना आले की उलटे चालण्याची वाट बंद होते :

५क्ष − ४ = ३क्ष + १०

इथे 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हा नियम पहिले दोन महिने वापरू देऊ नये. तराजूचीच भाषा ठेवावी. दोन्ही पारड्यांत ४ घातले, ५क्ष = ३क्ष + १४. दोन्हींतून ३क्ष काढले, २क्ष = १४. म्हणून क्ष = ७, आणि ताळा : ३५ − ४ = ३१, २१ + १० = ३१. इसवी सन ८२० च्या सुमारास बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी ज्या क्रियेला अल-जबर म्हटले, ती वजा झालेले पद दोन्हीकडे मिळवून भरून काढण्याची हीच क्रिया, आणि अल्जेब्रा हा शब्द तिथूनच आला.

सेमी इंग्रजीच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. मूल कोएफिशंट म्हणते, आजोबा सहगुणक म्हणतात, आणि दोघांनाही वाटते की समोरच्याला वेगळेच काही शिकवले आहे. चल आणि व्हेरिएबल, अवयव आणि फॅक्टर, पद आणि टर्म, उकल आणि सोल्यूशन, अशा दहाबारा जोड्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवाव्यात. घरातील निम्मे वाद तिथे मिटतात.

वेळापत्रक फार मोठे नको. सहावीत ऋण संख्या आणि अपूर्णांक, सातवीत कंस आणि सजातीय पदे, आठवीत अवयव आणि दोन्ही बाजूंना अक्षर असलेली समीकरणे, एवढा क्रम धरून रोज वीस मिनिटे बसले तरी पुरते. शाब्दिक उदाहरणे मात्र आठवड्यातून एकदा, सावकाश, आणि ताळ्यासह करावीत. माझ्याकडील मुलांना मी आठवीच्या मे महिन्यात हे एक देतेच : वडिलांचे वय मुलीच्या वयाच्या चौपट आहे, सहा वर्षांनी ते तिच्या वयाच्या तिप्पट होईल, तर आजची वये काढा. मांडणी ४क्ष + ६ = ३(क्ष + ६), मुलगी १२ वर्षांची, वडील ४८ वर्षांचे; सहा वर्षांनी १८ आणि ५४. कंसातील सहाला तिनाने गुणायचे राहून गेले तर समीकरण ४क्ष + ६ = ३क्ष + ६ होते आणि क्ष शून्य येतो. काही मुले ते शून्य चौकटीत टाकून पान उलटतात. अशा वेळी चूक दाखवू नये, उत्तर पूर्ण वाक्यात मोठ्याने वाचायला सांगावे : 'मुलीचे वय शून्य वर्षे, वडिलांचे वय शून्य वर्षे.' मूल हसते, पान परत उलटते आणि बहुतेक वेळा कंसापाशी स्वतःच पोहोचते.